फुटका झी

"भावजी, मणी फुटला म्हंजी मेला, आसं कुनी सांगितलं तुमाला?" याकिणीचं दूध काढता काढता युडोननं मान न वळवता विचारलं.

"सांगायचं काय त्यात? समदं कुरण जानतं," थोरला दीर नोर्ग्ये म्हणाला. "झीनं तुजा घाव आंगावर घेतला, त्याचं काम सपलं. आता त्यो नुसता दगड. वैद्य कुटून गोळ्या वळंल, माज्या गुडघ्याला हुतील."

झी म्हणजे पेराएवढा तपकिरी मणी, पांढऱ्या रेघांचा, तीन डोळ्यांचा. आजीकडून आईकडे, आईकडून युडोनकडे आलेला. गोठलेली नदी ओलांडताना घोडा घसरला आणि ती छातीवर आदळली. बरगड्या शाबूत राहिल्या, मणी मधोमध दुभंगला. तिनं दोन्ही तुकडे तातीच्या दोऱ्यानं आवळून परत गळ्यात घातले, तेव्हापासून तंबूतंबूत कुजबुज सुरू होती. नवरा मिठाच्या खेपेला गेलेला. त्याच्यामागं नोर्ग्येनं वैद्याला मणी द्यायचा शब्दही देऊन टाकला होता. वैद्य आजच मठाकडं परतणार, म्हणून ही घाई.

युडोननं चरवी बाजूला ठेवली.

"तुमी घोड्यावरनं पडला, पाय मोडला. तवापास्नं मेंढरामागं जायबी जमत न्हाई. मग टाकलं का कुनी तुमाला तंबूभाईर?"

दारात ताक घुसळणाऱ्या नोर्ग्येच्या बायकोनं तोंडावर बाही धरली.

"लोकं नावं ठिवत्यात," नोर्ग्ये पुटपुटला.

"ठिवूंद्या. ह्यो माज्यापायी फुटलाय. धड हुता तवा मिरवला, आन मोडला की कुटायचा? आपल्याच्यानं न्हाई हुनार."

मण्याच्या कडेला जुने बारीक खड्डे होते. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की औषधापुरता कण काढायचा, अशी रीत. अख्खा मणी कुणी दिला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. युडोननं कमरेची सुरी काढली, चिरेजवळ टोक घातलं आणि निघालेला कण दिराच्या तळहातावर ठेवला.

"येवडं वैद्याला द्या. माज्या आईनं तिच्या सासूच्या खोकल्याला येवडंच दिलं हुतं. गुडघा दुखायचा ऱ्हायला तर ऱ्हायला. मणी पुन्ना मागायचा न्हाई."

वारा सुटला होता. कण उडेल म्हणून नोर्ग्येनं घाईनं मूठ मिटली आणि लंगडत वैद्याच्या तंबूकडं निघाला.

युडोननं मणी अंगरख्याच्या वर काढला, चारचौघांना दिसेल असा. पुढची याकीण पान्हा चोरत होती. तिच्या कुशीला डोकं टेकवून युडोननं सड धरले.