धम्मपालची जाळी

चाकणच्या कारखान्यात चार नंबरच्या प्रेसखाली धम्मपालच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण त्यानं काम हळू होतं, म्हणून त्या दिवशी तार जोडून सेन्सर बंद ठेवला होता. धम्मपालला ते माहीत होतं. तरी दवाखान्यात ‘सेन्सर चालू होता, चूक माझी’ असा कागद पुढं आला, तेव्हा त्यानं उजव्या हातानं सही केली. मुलगी दीक्षा बारावीला होती, नोकरी टिकवायची होती. ती टिकली. प्रेसवरून त्याला स्टोअरमध्ये बसवलं.

कागद जयसिंगनं आणला होता. हा माजी सुभेदार, कारखान्याचा सुरक्षा अधिकारी. माणूस वाईट नव्हता. ऑपरेशनच्या दिवशी धम्मपालच्या बायकोला, सुमनला, दापोडीहून त्यानंच आपल्या गाडीतून आणलं होतं.

उरलेल्या बोटांना वळण लागावं म्हणून डॉक्टरांनी बारीक काम करायला सांगितलं. दीक्षानं लष्करी ट्रकच्या प्लॅस्टिकच्या मॉडेलचं खोकं आणून दिलं. धम्मपाल चिमट्यानं भाग जोडू लागला आणि बघता बघता रमला. तळहाताएवढा ट्रक तयार झाला, पण दिसायला खेळणंच. फौजेत खऱ्या ट्रकवर टाकतात तशी लपवायची जाळी त्याच्यावर हवी होती. घरात ड्रेसिंगचं गॉज उरलं होतं. त्यातले काही धागे त्यानं ओढून काढले, म्हणजे छिद्रं एकसारखी दिसणार नाहीत. मग ते कोऱ्या चहात रंगवलं, पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवलं, ट्रकवर पांघरलं आणि ओलं आहे तोवर हिरव्या, मातकट कागदाचे कपटे त्यावर एकेक चिकटवले. चार रविवार त्यात गेले.

ट्रक त्यानं कारखान्यात नेला, तेव्हा जयसिंगनं तो पाहून नकारार्थी मान हलवली.

“धम्मा, ही जाळी नाही, ओला टॉवेल झाला. गाडीला चिकटली की आतली गाडी ओळखू येते. खाली काठ्या लाव, वर उचल, कडा लांब ओढून जमिनीत ठोक. गाडीचा आकारच मोडला पाहिजे.”

धम्मपालनं उदबत्तीच्या काड्यांच्या काठ्या करून दुसरी जाळी उभी केली. ती जयसिंगनं डोळ्यांजवळ नेऊन चारी बाजूंनी पाहिली. “अशाच जाळीखाली दोन हिवाळे काढलेत मी,” तो म्हणाला. तो ट्रक त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसला. मग त्याचे फौजेतले जुने दोस्तही मागू लागले. कारखान्यात ज्याला लोक ‘बोटं गेलेला’ म्हणायचे, त्याला आता ‘जाळीवाला’ म्हणू लागले. धम्मपालला ते बरं वाटायचं.

यंदा फेब्रुवारीत मेंटेनन्सचा एकजण स्टोअरच्या खिडकीशी आला.

“दीड फूट तार दे राव. चार नंबरला लागतीय.”

कशाला, हे धम्मपालनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्यानं तार कापून दिली. तिसऱ्या दिवशी त्याच प्रेसखाली सोजरबाईचा उजवा पंजा गेला. ती बीडकडची, कंत्राटावरची कामगार. बहिणीबरोबर काळेवाडीत खोली करून राहायची.

दोन दिवसांनी जयसिंग कागद घेऊन आला.

“चौकशीला सरकारी माणूस येणार आहे. सेन्सरचा दिवा लागलेला तू स्टोअरमधून पाहिलास, एवढं लिहून दे.”

“स्टोअरमधून प्रेस दिसत नाही, साहेब.”

“तुझ्या वेळी मी तुला वाऱ्यावर सोडलं होतं का?”

धम्मपालनं कागद खिशात घातला. घरी येऊन अर्धवट जाळी पुढ्यात घेतली, पण चिमट्यात कपटाच धरेना. सुमननं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं, तारेचंही. तिनं त्याच्या पुढ्यातली जाळी बाजूला सरकवली. मग म्हणाली, “अहो, त्या बाईला बघून तरी आलात का?”

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. सोजरबाईचा हात कोपरापर्यंत गॉजमध्ये गुंडाळलेला होता. ज्या पट्टीचे धागे तो दर रविवारी हौसेनं ओढून काढायचा, तीच पट्टी.

“भाऊ,” ती म्हणाली, “समदे म्हणत्यात माझं ध्यान नव्हतं. मला तर काहीच आठवंना. माझंच चुकलं असंल का?”

“तुमचं नाही चुकलं. सेन्सर बंद होता. त्याला लावायची तार मी दिली.”

“तुमाला ठावं व्हतं?”

“हो.”

“तुमची बोटं बी तिथंच गेली ना?”

त्यानं मान डोलावली. सोजरबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. उशाशी बसलेली तिची बहीण गोजाबाई हळू आवाजात म्हणाली, “आता जावा तुमी.”

चौकशीच्या दिवशी धम्मपालनं तार कुणी मागितली, कुणी दिली ते सांगितलं. आपला तीन वर्षांपूर्वीचा कागद खोटा होता, हेही लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. जयसिंग केबिनमधून बाहेर आला नाही. धम्मपालनं पुढं दोनदा फोन केला, तो त्यानं उचलला नाही. ते मात्र त्याला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागलं.

आता तो दापोडीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात माल काढून देतो. अर्धवट ट्रक सुमननं खोक्यात भरून माळ्यावर ठेवलाय. सोजरबाईचा भरपाईचा दावा उभा राहिला, तो धम्मपालच्या जबाबावरच. सुनावणीच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. पदराखाली हात झाकलेला.

“बोललात ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पर तवाच बोलला असता, तर माझा हात माझ्यापाशी असता.”

“हो, ताई.”

शिपायानं जुलैतली पुढची तारीख सांगितली. गोजाबाई बहिणीला धरून जिना उतरू लागली. दोन पायऱ्या उतरून सोजरबाई थांबली.

“त्या तारखेला येणार न्हवं?”

“येणार,” धम्मपाल म्हणाला.