साडूंच्या हातावरचा डोंगर

आमच्या साडूंनी पृथ्वी जितक्या वेळा वाचवली आहे, तितक्या वेळा त्यांना स्वतःचा टेम्पोसुद्धा दुरुस्त करून घेता आलेला नाही. आणि हे सगळं त्यांनी पोलादपूर तालुक्याची हद्द न ओलांडता केलं आहे. फारच झालं तर महाडपर्यंत येतात, कारण महाडात मी राहतो आणि त्यांच्या सिनेमातला शास्त्रज्ञ मी असतो. धंद्याने ते मंडपवाले. लग्न असो, पूजा असो, पुढाऱ्याची सभा असो. बांबू, कनाती, जनरेटर आणि धुराचं मशीन त्यांचंच. लग्नसराई आटोपली की हे सामान गोदामात निजून राहतं, आणि निजलेलं सामान साडूंना बघवत नाही. मग अंगात अचाट शक्ती आलेल्या माणसाचा एक सिनेमा निघतो. नायक स्वतः साडू, पोटासकट. कॅमेरा म्हणजे मोबाइल, तो धरायचा माझ्या मेहुणीने. त्यांच्या सिनेमातले प्रसंग मधेच तुटतात त्यामागे कला वगैरे काही नाही, गॅसवर दूध असतं. लोक हसतात, साडू त्यांच्याबरोबर हसतात. या माणसाला मी घाबरलेला एकदाच पाहिला. दरडीतून वाचलेल्या एका वाडीसमोर त्यांना आपला सिनेमा लावायचा होता. पण ते सांगतोच पुढे.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, शिवाय मला चष्मा आणि टक्कल दोन्ही आहेत, त्यामुळे शास्त्रज्ञाच्या भूमिकेसाठी दुसऱ्या कुणाचा विचारच झाला नाही. प्रत्येक सिनेमाआधी साडू शंका विचारायला येतात. एकदा म्हणाले, "मास्तर, विजेचा झटका बसला की अंगात शक्ती येते ना?"

"नाही हो साडूभाऊ, माणूस मरतो."

"नेहमीच?"

"बहुतेक वेळा."

"मग झालं तर! उरलेल्यांतला आपला हीरो."

यावर काय बोलणार, कप्पाळ! परग्रह दाखवायचा होता तेव्हा त्यांनी आम्हाला पहाटे महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. वाफा झकास निघत होत्या, साडू रुपेरी पोशाखात तलवार उपसून उभे, आणि त्यांच्या मागे एक काका पंचा नेसून गुडघे शेकत बसलेले. सिनेमात ते स्वच्छ दिसतात, मधे एकदा खोकतातही. मी म्हटलं, अहो, हे काका काढा. साडू म्हणाले, "कशाला? तिथले रहिवासी आहेत ते." हवेत उडण्याच्या प्रसंगासाठी हिरवी कनात मागे लावून कॉम्प्युटरवर तिच्या जागी ढग घालायचे, ही विद्या ते कुठूनशी शिकून आले, आणि नेमकी त्याच दिवशी मेहुणी नायकाची बायको म्हणून हिरवी साडी नेसून उभी राहिली. पडद्यावर तिचं मुंडकं आणि दोन हात तेवढे ढगांतून आले. मेहुणी आठ दिवस बोलत नव्हती. साडूंनी मात्र कथाच बदलली आणि तिला अर्धवट अदृश्य होण्याची शक्ती देऊन टाकली.

कडी झाली ती शिमग्यात. मंडपाची कामं नव्हती म्हणून त्यांनी चित्रीकरण काढलं. आता शिमग्यात आमच्याकडे सोंगं दारोदार फिरतात आणि लोक त्यांना पोस्त म्हणून पैसे-नारळ देतात, हे पोलादपुरात जन्मलेल्या माणसाला मी सांगायला हवं का? रुपेरी पोशाख घालून, पाठीला झूल बांधून साडू दुष्टाचा माग काढत एका आळीत शिरले, तो एका म्हातारीने ओटीवरून हाक मारली, "हे कसलं सोंग रे? नवीनच हाय. ये, इकडं ये." साडूंना नाही म्हणवेना. तिने कुंकू लावलं, नारळ दिला आणि म्हणाली, "नाचून दाखव की जरा!" नाचले! मेहुणी चित्रीकरण करतच होती. तो प्रसंग सिनेमात जसाच्या तसा आहे. दुष्ट पळून जातो खरा, पण नायकाच्या काखेत नारळ असतो.

आता त्या वाडीचं. एका पावसाळ्यात डोंगरातल्या त्या वाडीवर दरड आली. साडू जनरेटर आणि लग्नातले फोकस माणसांच्या खांद्यावर टाकून चिखलातून वर गेले, आणि गाडलेल्या माणसांचा शोध थांबेपर्यंत तिथे उजेड देत राहिले. परत आल्यावर त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढचा सिनेमा मात्र त्यांनी काढला तो असा, की कोसळता डोंगर नायक एका हातावर धरतो आणि वाडीतलं शेवटचं माणूस उतरेपर्यंत सोडत नाही. डोंगर थर्माकोलचा. खाली उतरणारी माणसं म्हणजे त्यांचे मंडपाचे कामगार, पाच कोंबड्या आणि कुकर छातीशी धरून धावणारी मेहुणी. आम्ही महाडात तो पाहिला तेव्हा हसून हसून आमच्या पोटात दुखलं.

वाडीतली वाचलेली माणसं आता खाली रस्त्याजवळ नव्या घरांत राहतात. त्यांच्या पूजेचा मंडप साडूंकडे होता, आणि तिथल्या मंडळींनीच निरोप धाडला, "तुमचा डोंगराचा पिक्चर लावा, आमाला बघायचाय." साडू माझ्याकडे आले, चहा तसाच निवू दिला. म्हणाले, "मास्तर, हसले तर? त्यांच्या दुःखाची थट्टा केली असं वाटलं तर? आणि हसले नाहीत, तर काय करू?" मी नुसताच त्यांच्याबरोबर गेलो.

दिवेलागणीला कनातीवर सिनेमा सुरू झाला. माणसं हसली. मी पडद्यावर आलो तेव्हा तर फारच हसली. मग डोंगर आला. थर्माकोलचा तो डोंगर हलला. पडद्यावरच्या साडूंनी हात वर केला. कोंबड्या गेल्या, कामगार गेले, मेहुणी कुकर घेऊन गेली, तरी कुणी हसलं नाही. शेजारी लॅपटॉपपाशी बसलेले साडू पडद्याऐवजी माणसांकडेच बघत होते. शेवटचं माणूस उतरलं, आता नायक हात खाली घेणार, एवढ्यात पुढे बसलेली एक आजी पडद्याकडे हात करून म्हणाली, "सोडू नको रे इतक्यात. आमची हायत अजून वर."

साडूंनी बटण दाबलं. चित्र तिथेच थांबलं, डोंगर हातावर असलेलं. मी चष्मा पुसत बसलो. मग आजीच उठली आणि म्हणाली, "चला गो, पानं मांडा. पोरं भुकेली हायत." पंगत त्या कनातीसमोरच बसली. भात वाढला, आमटी वाढली, कुणीतरी मीठ मागितलं, हळूहळू बोलणं सुरू झालं. मी साडूंना दोनदा जेवायला बोलावलं. ते मान हलवून नाही म्हणाले आणि लॅपटॉपवरचा हात न काढता तिथेच बसून राहिले. शेवटचं माणूस हात धुऊन उठेपर्यंत त्यांनी तो डोंगर खाली येऊ दिला नाही.