कानबाईच्या पाण्यातला राक्षस

माझा स्वभाव संशयी. नवागामच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. दूधवाला जरा जास्त हसला तरी मी दुधात बोट बुडवून बघते. मग लेकीच्या गादीखाली वही सापडली आणि तिच्यात सहा पायांच्या किड्याचं चित्र निघालं, तर मी गप्प बसणार होते होय?

साड्यांना लेस लावायचं काम बाजूला टाकून पानं उलटली. फुगलेलं पोट, जरीच्या काठासारखे पंख, दाभणाएवढी सोंड. खाली लिहिलेलं, ‘चावला की तिसऱ्या दिवशी ताप.’ माय वं! कुणावर करणीबिरणी करते की काय ही?

“खेळ आहे, मम्मी,” लेक कपाळावर हात मारून म्हणाली. “तिघी मैत्रिणी लढतात, आणि मी त्यांच्यासाठी राक्षस बनवते. फासा टाकून ठरतं कोण जिंकलं ते.”

“राक्षस बनवायला घातलं का तुला कॉलेजात?”

दर रविवारी दुपारी त्या तिघी यायच्या, वीस बाजूंचा फासा फेकायच्या आणि किंचाळायच्या. हा जुगार नाही एवढं पटायलाच मला दोन महिने लागले होते. वही मी जप्त केली आणि पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवली.

आठवडा झाला नाही तोच लेक तापानं फणफणली. रिपोर्टात डेंग्यू निघाला.

झालं! माझा संशय सरळ जिना चढून वर गेला. वरच्या खोलीत विदर्भातली एक बाई राहते, नवरा लूमवर जातो. तिच्या दारात उन्हाळ्यापासून कूलर पडलेला. डासांच्या अळ्या तपासणारी म्युनिसिपालिटीची बेन आमच्याकडे आली, “बेन, पाणी भरेलुं कंई छे?” म्हणून कुठे पाणी साठवलंय ते विचारायला लागली. मी म्हटलं, इथे काय बघता, वर जा. तरी तिनं मोरीतलं पिंप बघितलंच. देवघराकडे वळली तशी मी आडवी उभी राहिले. “त्याला हात लावायचा नाही. कानबाईचं आहे.”

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. विसर्जनाला गेलो की तापीचं पाणी मडक्यात भरून आणायचं, वर आंब्याची पानं ठेवायची आणि दिवाळीपर्यंत ते हलवायचं नाही, ही माझ्या सासरची रीत. लेक दोनदा म्हणाली होती, “मम्मी, ते पाणी बदल ना.” दोन्ही वेळा मी तिच्या अंगावर धावून गेले होते.

वरच्या कूलरच्या तळाशी चूळभर पाणी निघालं. त्या बाईच्या हातात नोटीस पडली. “म्या तं कालच पुसला होता वं ताई,” ती मला म्हणाली. मी तोंड फिरवलं.

लेकीला दवाखान्यात ठेवलं. तिथे रोज रक्त काढायचे आणि रोज प्लेटलेटचा आकडा खाली. डॉक्टर माझी नजर चुकवतात, नर्स बाहेर जाऊन कुजबुजते, असं मला वाटायचं. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, “मम्मी, माझी वही आण.” तिचा आवाज इतका बारीक होता की मी नाही म्हणूच शकले नाही.

घरी येऊन वही काढली आणि ते पान पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. ‘राहतो: स्वच्छ पाण्यात, ज्याला घरात कोणी हात लावत नाही. चावतो: दिवसा. खातो: संशय. घरातली बाई दुसऱ्यांवर जितका संशय घेईल तितका हा माजतो. मरतो: तो माझ्याच घरात आहे, असं तिनं चारचौघांत सांगितलं तर.’

मी देवघराकडे बघितलं. आंब्याची पानं वाळून आकसली होती. उचलली, तर खाली अळ्या वळवळत होत्या, बारीक, काळपट, कितीतरी.

मडकं मागच्या दारी उन्हात रिकामं केलं, घासून पालथं घातलं. माफ कर माय, म्हटलं. कोणी बघितलं नव्हतं. खरं सांगते, त्यातल्या त्यात बरं वाटलं ते याचंच. आज लिहिताना लाज वाटते.

वही घेऊन निघाले तर जिन्यात वरची बाई, हातात डबा. “ताई, पोरीसाठी मुगाचं पातळ केलं. माह्याच कूलरनं झालं असन तं...” तिनं डबा पुढे केला. डोळे सुजलेले होते.

ओट्यावर चार-पाच बाया लेस लावत बसल्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

मी काही लहान नाही, खेळ तो खेळ हे मलाही कळतं. पण पोर तिकडे सुकत चाललेली. ज्यानं जे सांगितलं ते मी केलं होतं. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, नवस. हा एकच उपाय राहिला होता.

“तुझ्या कूलरनं नाही,” मी मोठ्यानं म्हटलं. “माझ्या घरात होता. देवघरातल्या मडक्यात. मीच पाळला होता.”

वरच्या बाईनं डोळे पुसले, क्षणभर माझ्याकडे रागानंच बघितलं, मग म्हणाली, “चाला, मी बी येतो दवाखान्यात.”

लेकीला सगळं सांगितलं. ओठ फुटलेले, तरी हसली. “अगं मम्मी, खेळ होता तो.”

“असू दे. मेला ना पण?”

“उद्याचा रिपोर्ट येऊ दे,” ती म्हणाली आणि वही छातीशी धरून झोपली.

रिपोर्ट मी दोनदा वाचून घेतला, एकदा डॉक्टरांकडून आणि एकदा वरच्या बाईकडून. आकडा वर चढला होता. तिनं सांगितल्यावरच मला रडू आलं.