साहेबांचं मनगट

रफिकभाईचं नाव निघालं की आमच्या कंपूत चहा गार होतो. एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो. निम्मे तर माझ्यासमोरच घडलेले. मी त्याचा कॅमेरामन होतो ना!

अकोल्यात जठारपेठेत आमच्या न्यूज चॅनलचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक खोली, एक कूलर आणि आम्ही दोघं. रफिकभाई मूळचा दर्यापूरचा, जन्मापासून आंधळा, आणि राजकारणाच्या बातम्या हे त्याचं बीट. कपाशीचे ते फार वाईट दिवस. मुंबईची मोठी माणसं सारखी वऱ्हाडात सांत्वनाला यायची आणि आम्ही त्यांच्या मागे पळायचो.

*

सुरुवातीलाच त्याची फजिती झाली. एका आमदाराला त्यानं लाइव्हमध्ये अडचणीचा प्रश्न विचारला. आमदार माझ्याकडे बघून हसला आणि चपला न वाजवता सटकला. रफिकभाई आपला रिकाम्या जागेला प्रश्न विचारतोय! लाइव्ह चालू, मला तोंड उघडता येईना.

"कवा गेला बे तो?" त्यानं नंतर विचारलं.

"दुसऱ्या प्रश्नालेच."

त्या दिवसापासून त्याचा नियम ठरला. आधी शेकहँड करायचा, मग मनगट धरायचं आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचं नाही. आंधळ्या माणसाचा हात झटकणार कोण? तेही टीव्हीवर!

एक पुढारी तर कळवळून मला म्हणाला, "अबे, तुह्या दोस्ताले सांग, मले बाथरूमले जायचं हाय!"

*

एकदा आम्ही दर्यापूरहून अमरावतीला जीपनं निघालो होतो. शेजारी झेंडूची टोपली मांडीवर घेतलेली एक मावशी. तिची फुलांची बाग आणि थोडी कपाशी. रफिकभाईचा आवाज ऐकला नि तिनं ओळखलं.

"तुमीच ना ते टीव्हीतले? आंधळे लोक काळा चष्मा लावतात, तुमी काहून नाई लावत?"

"लावून काय पाहू, मावशी?"

अख्खी जीप हसली, मावशी सगळ्यात जास्त. मग टोपली सावरत ती म्हणाली, "यंदा आमचं बियाणं उगोलंच नाई, भाऊ. बोगस निंघालं. सरकारनं चौकशी लावली म्हणे. त्याचा अहवाल कुठी हाय, इचारजा बरं मंत्र्याले."

"इचारतो," रफिकभाई म्हणाला. शब्द दिला की तो विसरत नसे.

*

मंत्री अकोल्याच्या रेस्ट हाऊसवर आले तेव्हा ही गर्दी! रफिकभाईनं हात पुढे केला आणि त्या रेटारेटीत हाती लागला मंत्र्यांचा पीए. झालं, धरलं मनगट! मंत्री बाजूलाच फोनवर बोलत उभे. मला सगळं दिसत होतं, पण परत लाइव्ह!

"साहेब, बोगस बियाण्याचा अहवाल कधी येणार?"

पीएला जन्मात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. गडी खुलला. "येणार काय? आला ना! कवाचा आमच्या गाडीच्या डिक्कीत पडून हाय!"

मंत्र्यांचा फोन कानालाच राहिला.

*

मग मुंबईहून बॉसचा फोन आला. मंत्र्यांची तक्रार गेली होती. यापुढे रफिकनं कुणाला हात लावायचा नाही. एक शेवटचं लाइव्ह देतो, त्यात फजिती झाली तर त्याला कायमचं डेस्कवर बसवा.

मी आपला समजूत काढायला गेलो. "पगार तोच, ऊन नाई, धावपळ नाई. काय वाईट हाय?"

भडकला ना माझ्यावर! "अबे, जलमभर लोकायनं मले बसोलंच. शाळेत बसोलं, लग्नात बसोलं. 'तू बस, आमी आणतो!' या कामानं मले उठोलं. आता परत बसू काय?"

लई वाईट वाटलं मला.

*

शेवटचं लाइव्ह अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत, एका कापड कारखान्याच्या उद्घाटनाला. मंत्री तेच! हात चुकूनही पुढे जाऊ नये म्हणून रफिकभाईनं माइक दोन्ही हातांनी गच्च धरलेला.

"साहेब, तो अहवाल गाडीतून बाहेर कधी येणार?"

मंत्र्यांनी आपल्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसले, अगदी त्या आमदारासारखं, आणि चपला न वाजवता गाडीकडे निघाले. रफिकभाई उत्तराची वाट बघत तसाच उभा. तिकडे मुंबईत बॉस बघत असणार.

गाडीच्या दाराशी हार घेऊन बाया उभ्या होत्या. एकीनं मंत्र्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. मंत्र्यांनी हात जोडले, तसं तिनं त्यांचं मनगट धरलं. जीपमधली मावशी!

तिथूनच ओरडली, "तुमी इचारा, भाऊ! साहेबाले मी धरून ठेवतो!"