उभा राहणारा नारळ

आमची बोअरची गाडी नागपूरहून निघते आणि बहुतेक नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत फिरते. खोदताना आवाज एवढा होतो की बोलता येत नाही. म्हणून जागा ठरेपर्यंतच सगळे बोलून घेतात. माझ्याकडे साठलेले किस्से त्या वेळातले. मी स्वतः कमी बोलतो. नववीत शाळा सोडली, तेव्हाही कारण सांगितलं नव्हतं.

जागा दाखवायचे नामदेवकाका. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते बागेत फिरत. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, हा त्यांचा सिद्धांत.

*

एकदा बोअर कोरडा गेला. नुसती भुकटी उडाली. मालक म्हणाला, "काका, असं काहून झालं जी?"

काकांनी नारळ कानाशी नेऊन हलवला. "जुना आहे."

पुढच्या बागेत ताजा नारळ आणला. तिथेही भुकटी. तेव्हा काकांना मालकाच्या पायातली चप्पल दिसली.

*

असे नियम वाढत गेले. चप्पल नको, मोबाईल नको, चामड्याचा पट्टा नको. भर मे महिन्यात एका बागेत सगळं घर अनवाणी, एका हाताने पँट धरून उभं होतं. बोअर कोरडा.

काकांनी एकेकाला निरखलं. "जावईबापू, खिशात पाकीट चामड्याचं आहे ना?"

होतं. त्या दिवशी जावयाला जेवायचा आग्रह कोणी केला नाही.

*

एकदा धीर करून मी विचारलं, "काका, नारळ चुकत नाही का?"

"चुकते ना गा. पण हा सोडून दुसरं काय धरू? मालकासमोर रिकाम्या हातानं उभा राहू?"

*

मग यंत्र आलं. नागपूरचे एक तरुण सर जमिनीत सळ्या ठोकून, वायरी जोडून आकडे बघायचे. त्यांची पहिलीच जागा कोरडी गेली.

"वरून विजेच्या तारा गेल्यात," सर म्हणाले. "रीडिंग बिघडलं."

काकांनी त्यांना बाजेवर जवळ बसवलं, चहा दिला. "शिकशील गा तू."

सरांच्या पुढच्या काही जागांना मात्र पाणी लागलं. काकांचा फोन वाजेनासा झाला.

*

यंदा काकांचीच विहीर आटली. संत्र्याची पानं वळली होती. एकाच बोअरचा खर्च झेपणार होता. आम्ही गाडी घेऊन गेलो, तर सर आधीच येऊन बांधाजवळ जागेची खुंटी ठोकून गेले होते. काकांनीच बोलावलं होतं.

काकू घरातून नारळ घेऊन आल्या. सकाळीच काटोलहून आणलेला, ताजा.

काकांनी चप्पल काढली, पट्टा काढला, मोबाईल माझ्याकडे दिला. नारळ तळहातावर ठेवून खुंटीपाशी उभे राहिले. नारळ आडवाच. एक चक्कर मारून पुन्हा आले. आडवाच.

"काय म्हणते जी?" काकूंनी विचारलं.

काकांनी नारळ कानाशी नेऊन हलवला.

"जुना आहे," ते मला म्हणाले. "लाव गा गाडी. इथंच."