पांढरी द्राक्षं आणि विलायती पाला

लढाईवरून परत आलो तेव्हा माझ्या पेटीत बियांची एक पुडी होती आणि डोक्यात एक परसबाग. इटलीत आमची तुकडी एका खेड्याबाहेर बरेच महिने पडून होती. तिथं एका म्हातारीच्या घरामागं, चार खाटा मावतील एवढ्या जागेत, खाली लेट्यूसचे गड्डे आणि वर मांडवावर पांढरी द्राक्षं असत. लेट्यूस म्हणजे कोबीसारखाच, पण मऊ आणि सैल पानांचा गड्डा. म्हातारी ती पानं तेल-मीठ लावून कच्चीच पुढं ठेवायची. पहिल्या दिवशी मला आपण वैरण खातोय असं वाटलं. आठवड्याभरानं मी स्वतःहून मागून घेऊ लागलो. निघताना तिनंच ती पुडी दिली.

आमचं घर कराडजवळ मलकापुरात. शेत सगळं उसाचं, विहीर एक, मोट एक. परसात न्हाणीचं पाणी जायचं तिथं अळू माजलं होतं. ते उपटून मी जागा केली, तेव्हा बायको दारातून म्हणाली, "आवं, अळवानं काय वाईट केलं हुतं?"

 वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते एवढंच म्हणाले, "लाव. पर उसाच्या पाळीला मोट मागायची न्हाई."

वेलाच्या काड्या मी सांगलीहून आणल्या. गूळ घेऊन तिकडच्या बाजारात गेलो असताना एका वयस्क जैन शेतकऱ्यांची ओळख झाली. नदीकाठी त्यांच्या मळ्यात पांढऱ्या द्राक्षांचे चार वेल होते. त्यांनी काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून दिल्या आणि सांगितलं, "वेल मांडवावर चढला की दसऱ्यानंतर छाटायचा. काडीवर चार-पाच डोळं ठिवायचं, बाकी कापायचं."

मी हसलो. "अण्णा, मी द्राक्षांच्या देशात राहून आलोय. तिथं जानेवारीत छाटतात."

ते पोत्याची गाठ आवळू लागले. "बरं," म्हणाले.

काड्यांपैकी एक लागली; तिच्यासाठी मी मांडव घातला. महाशिवरात्र होऊन थंडी ओसरली तसं मी लेट्यूस पेरलं, कारण म्हातारी थंडी ओसरल्यावर पेरायची. निम्मं बी उगवलंच नाही. उगवलं त्याला मी दिवसातून दोनदा कळशीनं पाणी घातलं. तरी चैत्राच्या उन्हात त्याचा गड्डा काही धरेना. मधूनच दांडा निघाला आणि हातभर उंच झाला. पान तोडलं की पांढरा चीक यायचा. मी आबांसमोर एक पान खाल्लं. कारल्यापेक्षा कडू होतं. थुंकणं बरं दिसेना, म्हणून गिळलं.

"ह्येच खायाला इंग्रजानं तुला एवढ्या लांब नेलं व्हय रं?" आबा म्हणाले.

ती सगळी रोपं म्हशीनं खाल्ली. तिनंही आधी हुंगून बघितलं.

वेल मात्र झपाट्यानं वाढला. वर्षभरात मांडव झाकला गेला. येणारा-जाणारा विचारायचा, "द्राक्षं कवा?" लेट्यूसबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. या वेलाला अजून फुलाचा पत्ता नव्हता, तरी अख्खी आळी त्याच्याकडं आशेनं बघायची. मला त्या वेलाचा थोडा रागच आला होता.

जानेवारी आला आणि मी कात्री घेऊन मांडवावर चढलो. म्हातारीचा वेल त्या दिवसांत वाळक्या दोरीसारखा निष्पर्ण असायचा. माझा हिरवागार होता. हा फरक मला दिसला, पण मी छाटत गेलो. बायको खाली पानं गोळा करत होती. "आवं, ह्यो तर जागा हाय," ती म्हणाली. "झोपलेला कापायचा असंल."

"तुला काय कळतंय?" मी म्हणालो.

घड आले, मोजून अकरा. मे महिना संपेपर्यंत मणी फुगले, आणि जरा पिवळट झाक येते न येते तोच पावसानं गाठलं. तीन दिवसांत प्रत्येक मणी तडकला. माश्या घोंगावू लागल्या. आंबूस वास माजघरापर्यंत यायचा. मी ते घड काठीनं झोडून पाडले. आबा ओसरीवरून बघत होते. 

नंतर कितीतरी दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. इतकं बघून, शिकून आलेला माणूस मी, आणि दोन झाडं मला दाद देत नव्हती. चूक बियाण्याची, मातीची, न्हाणीच्या पाण्याची, अशी मी फिरवत राहिलो. सांगलीला जाऊन विचारावं असं दोनदा मनात आलं, पण गेलो नाही.

दसरा झाला आणि मला पलटणीच्या कागदांसाठी साताऱ्याला जावं लागलं. कचेरीत आज या, उद्या या करत तीन दिवस गेले. घरी येऊन परसात गेलो तर मांडव उघडा! नुसत्या काड्या आणि वर आभाळ.

"कुणी केलं ह्ये?"

"मी," बायको म्हणाली. "चार-चार डोळं ठिवलं. सांगलीवरनं आल्यावर तुमीच आबांना हसत सांगत हुता न्हवं, ते म्हातारं असं म्हनलं म्हणून?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता लिहायला लाज वाटते. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली. दिवाळीपर्यंत आमचं बोलणं कामापुरतंच होतं. तोवर प्रत्येक डोळ्यातून कोंब फुटला होता आणि कोंबाकोंबावर घड दिसत होता.

पुडीत थोडं बी उरलं होतं. इथली थंडीच म्हातारीच्या गावच्या वसंताएवढी, हे आता कळलं होतं; मी ते मुकाट्यानं त्याच थंडीत पेरलं. लेट्यूस असं आलं की म्हातारीनंही मान डोलावली असती. पानं कुरकुरीत, गोडसर, कडवटपणाचा मागमूस नाही. मी तेल-मीठ लावून ताटात वाढलं. आबांनी एक पान उचललं, उलटंसुलटं केलं आणि ठेवून दिलं. "शिजवून आण," ते म्हणाले. बायकोनं लसणाची फोडणी देऊन शिजवलं तर टोपलीभर पाल्याचा मूठभर चिखल झाला. मग मीच रोज एकटा कच्चं खात बसलो. पीक नीट आलं, तेव्हा खाणारी माणसं मिळेनात. या गोष्टीनं मी जितका वैतागलो तितका त्या सडलेल्या घडांनीसुद्धा वैतागलो नव्हतो.

फाल्गुनात द्राक्षं पिकली. पांढरी म्हणजे फिकट हिरवी, आत बी दिसेल अशी. बायकोनं सुपात घालून आळीभर वाटली. माझ्या वाट्याला एक लहानसा घड आला. वाटपाआधीच बाजूला ठेवलेले चार चांगले घड मी मुद्दाम केळीच्या पानात बांधून सांगलीला नेले.

अण्णांनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले. "कवा छाटला?"

"दसऱ्यानंतर."

"कुणी?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंत, बरं केलंत. आता चैत्रात परत एकदा छाटायचा, पार खोडाजवळ. वर्षातनं दोनदा. न्हाईतर पुढच्या साली नुसता पाला."

परतीच्या वाटेवर त्या थापेनं पाठ जळत होती. घरी पोचलो तेव्हा बायको जात्यापाशी होती.

"काय म्हनलं ते?"

"चांगली हायत म्हणाले. चैत्रात परत छाटायचा म्हणाले."

"अजून काय?"

खरं सांगायची हीच वेळ होती. 

"चैत्रातली छाटणी तूच कर," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा तुझा हात बरा हाय."

तिनं जातं थांबवलं, माझ्याकडं नीट बघितलं. "मांडवावर चढायला शिडी लागंल," ती म्हणाली. "मागल्या खेपंला मी पाटीवर पाटी ठिवून चढले हुते. पडलेच असते."

दुसऱ्या दिवशी मी बाभळीची शिडी करायला घेतली.