साहेबांनी सरळ केलेला ओढा

ऐंशीच्या आसपास नाशिकच्या वेशीबाहेर एका कारखान्याची वसाहत उभी राहत होती. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. जागेतून एक ओढा वाकडातिकडा वाहायचा. काठाला करंज, बाभूळ, निरगुडीचं दाट गचपण होतं आणि ते टेकडीपासून खालच्या द्राक्षबागांपर्यंत सलग गेलेलं. मुंगसं, तितर, घुबडं त्यातूनच ये-जा करायची.

आमचे साहेब नुकतेच परदेशात प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांना गचपण बघवेना. "तिकडे सगळं कसं सरळ असतं!" हुकूम सुटला: झाडी साफ, ओढा पाइपात, वर हिरवळ, कडेला अशोकाची रांग. मी नकाशावर टी-स्क्वेअर लावून ओढा सरळ केला. एवढी सुबक रेघ मी त्याआधी मारली नव्हती.

मोजणीची साखळी ओढणारे एक मामा होते, सायखेड्याचे. गोदाकाठी वाढलेले. नकाशा बघून म्हणाले, "भाऊसाहेब, जुलैचं पाणी या पाइपात मावायचं नाय. अन् झाडी तोडल्यावर ही जनावरं जाणार कुठं?"

"मामा, तुम्ही साखळी धरा," मी म्हणालो.

जुलैत पाइप पाल्याने तुंबला. पाणी आधी कामगारांच्या चाळीत शिरलं, तेव्हा साहेब म्हणाले, "लोकांना स्वच्छतेची सवय नाही." दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या दिवाणखान्यात शिरलं, तेव्हा समिती नेमली गेली. तोवर घुशी खाणारी मुंगसं आणि घुबडं गेली होती आणि हिरवळ घुशींनी पोखरली होती. बाईसाहेबांच्या गुलाबांची मुळं कुरतडली गेली, आणि मग मात्र प्रकरण गंभीर झालं.

बैठकीत साहेब म्हणाले, "निसर्गाशी जुळवून घ्यायला हवं. मी हे पहिल्यापासून सांगतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी.

ओढा पुन्हा उकरायचं ठरलं. नैसर्गिक दिसावा म्हणून मला वळणं काढायला सांगितलं. मी फ्रेंच कर्व्हची पट्टी घेऊन ती काढली, एकसारखी, देखणी. काठ सिमेंटचे, कारण माती घाण दिसते.

"पाण्याला विचारलं का, त्याला कुठं वळायचंय?" मामांनी विचारलं. या वेळी मी नकाशा पुन्हा एकदा बघितला. आखणी मात्र बदलली नाही.

वसाहतीच्या मागच्या, टेकडीकडच्या भिंतीपाशी काम अडलं. तेव्हा सिमेंट सरकारी परमिटवर मिळायचं, आणि परमिटच मिळेना. तेवढा तुकडा कच्चाच राहिला आणि मी नकाशावर 'अपूर्ण काम' असं लिहिलं. दोन-तीन वर्षांत तिथे निरगुडी माजली, करंज फुटले आणि एके सकाळी तितर ओरडला. टेकडीवरच्या झाडीशी ओढ्याचा तेवढा काठ पुन्हा जुळला होता. साहेब पाहुण्यांना तिथे नेऊन सांगू लागले, "हे मुद्दाम असं ठेवलंय." माझी अक्षरं खोडून त्यांनी मला 'नैसर्गिक पट्टा' असं लिहायला लावलं. मी लिहिलं.

मामा तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी मुद्दाम सायखेड्याला जाऊन त्यांना सांगितलं, "मामा, तितर परत आले. तुमचं खरं होतं."

मला वाटलं, ते खूश होतील.

"अन् मधलं सिमेंट?"

"ते तसंच आहे."

"मग चाळीत पाणी शिरतंच असंल."

"शिरतं," मी म्हणालो.

"मग एवढ्या लांब काय सांगायला आलात, भाऊसाहेब?" असं म्हणून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.